पिन निघत नाही म्हणून गाडी भंगारात घालायची घाई नको

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात वाचकांच्या पत्रांमध्ये एका गृहस्थांचं पत्र होतं. वडिलांनी घेतलेली प्रीमियर पद्मिनी घरात आहे, गॅरेजवाल्याने बघितली आणि सांगितलं की पुढच्या पिना, म्हणजे पुढची चाकं ज्यांवर वळतात त्या किंगपिन, पार जाम झाल्यात, काढायला गेलो तर काहीतरी तुटणार, त्यापेक्षा भंगारात घाला आणि मोकळे व्हा. त्यांनी विचारलं होतं की खरंच काही इलाज नसतो का. मला वाटलं कुणीतरी जाणकार उत्तर देईल, पण पुढे त्यावर काही छापून आलं नाही, म्हणून मीच लिहायला बसलो. कोल्हापूरला उद्यमनगरात फिटरकी करण्यात आयुष्य गेलं, आधी ट्रक आणि जीप, मग अॅम्बेसेडर, पद्मिनी, मारुती. आता हातात पूर्वीचा जोर नाही, पण पोरं विचारायला येतात, तेवढं सांगतो. लिहायची सवय नाही त्यामुळे जरा इकडंतिकडं होईल, सांभाळून घ्या.

तर इलाज असतो. शेवटपर्यंत निघालीच नाही अशी पिन मी तरी बघितलेली नाही, फार तर कापून निघाली असेल. अडतं ते बिलापाशी. कसं ते सांगतो. तुम्ही गॅरेजला विचारता किंगपिन-बुशचं (बुश म्हणजे पिन ज्यात फिरते ती नळी) काम किती रुपयांत, तो सांगतो किट एवढ्याचं आणि मजुरी एवढी. ही मजुरी नवीन पिन बसवायची असते हो. जुनी काढायची मजुरी कुठल्याच बिलात वेगळी लिहिलेली नसते. बसवायला किती वेळ लागतो ते ठरलेलं आहे, पण काढायला अर्धा तास लागेल की दोन दिवस हे कुणालाच सांगता येत नाही, आणि मजुरी तर आधीच बोलून बसलाय, मग पिन नाही हलली की त्या मेकॅनिकच्या खिशातून प्रत्येक तास जायला लागतो. दुपारपर्यंत तो धीर धरतो. दुपारनंतर घण काढतो, संध्याकाळी तापवायला गॅसची ज्योत पेटवतो, आणि पिनेबरोबर नकलचा, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या लोखंडी भागाचा, पिन धरणारा कान पण जातो. मग गिऱ्हाईकाला सांगायचं काय, तर गाडीच जुनी झाली होती.

आता जाम म्हणजे नक्की काय ते आधी बघायला पाहिजे, कारण जाम म्हणून आलेल्या कितीतरी पिना गंजलेल्या नसतातच.

ट्रकच्या आणि जुन्या आय-बीम (अखंड आडव्या बीमच्या) अॅक्सलच्या गाड्यांची किंगपिन नुसती भोकात सरकवून ठेवलेली नसते, तिला आडवा कॉटर असतो, एका बाजूला निमुळता आणि दुसऱ्या टोकाला आटे आणि नट. पिनेच्या अंगाला चपटी खाच असते त्यात हा कॉटर बसतो आणि पिनेला ना फिरू देतो ना सरकू देतो. वर चिखल, जुनं ग्रीस, रंग असं सगळं साचून तो दिसतच नाही, दिसला तर नट तुटून गेलेला असतो आणि पोराला वाटतं ही काहीतरी जुनी रिबिट आहे. आणि मग तो कॉटर जागेवर असताना खालून घण. अशी पिन शंभर घाव घातले तरी हलणार नाही, उलट तिचं तोंड फुलतं, आणि फुललेली पिन नंतर कॉटर काढला तरी बुशमधून बाहेर येत नाही. म्हणजे नसलेलं दुखणं आपणच तयार केलं. शिवाय वर आणि खाली पत्र्याच्या चकत्या ठोकून बसवलेल्या असतात धूळ जाऊ नये म्हणून, त्याही आधी काढायच्या असतात. त्यामुळे आमच्याकडे पहिलं काम वायर ब्रश आणि डिझेल. धातू चकचकीत दिसेपर्यंत घासायचं आणि नुसतं बघत बसायचं, कुठे कॉटर, कुठे स्प्लिट पिन, कुठे सर्कलिप (खाचेत बसणारी स्प्रिंगची कडी), कुठे पंच मारून दाबलेला नट. बघायला पैसे पडत नाहीत.

दुसरा प्रकार वजनाचा. लीफ स्प्रिंगच्या शॅकल पिना, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगचं टोक चेसिसला जोडणाऱ्या पिना घ्या, जीपच्या किंवा पिकअपच्या. गाडी चाकांवर उभी असली की स्प्रिंग दाबलेलं असतं आणि पूर्ण लटकवली की अॅक्सलचं वजन स्प्रिंगला खाली ओढतं, दोन्ही वेळेला पिनेवर आडवा भार असतोच आणि ती भोकाच्या एका बाजूला चावून बसते. चेसिसखाली एक आणि अॅक्सलखाली एक असे दोन जॅक लावून हळूहळू वर-खाली करत राहिलं की मध्येच एक जागा अशी येते की पिनेवर काहीच भार नसतो, तिथे ती हाताने फिरते. अक्षरशः हाताने. ज्या पिनेवर सकाळपासून तिघं जण घाम गाळत होते ती अशी जॅक दोन बोटं खाली घेतल्यावर पितळी दांड्याच्या एका टोल्यात आलेली मी बघितलीय.

पद्मिनीच्या बाबतीत मात्र इथे जिवाचा प्रश्न आहे आणि हे त्या गृहस्थांनी नीट वाचावं. या गाडीला पुढे विशबोन, म्हणजे चाक धरणारा त्रिकोणी आर्म, आणि त्यात कॉइल स्प्रिंग आहे. खालच्या विशबोनची पिन किंवा बोल्ट स्प्रिंग दाबलेलं असताना बाहेर आला तर विशबोन खाली आपटतो आणि स्प्रिंग बंदुकीतून सुटल्यासारखी बाहेर येते, समोर हात असो की तोंड. खालच्या आर्मखाली भक्कम जॅक पाहिजे, स्प्रिंग कॉम्प्रेसर पाहिजे, आणि गाडी स्वतः चेसिसवर घोडीवर (लोखंडी स्टँडवर) उभी पाहिजे, नुसत्या जॅकवर नाही, विटांवर तर अजिबात नाही. घरी यूट्यूब बघून करणाऱ्यांनी पद्मिनीच्या खालच्या पिनेला हात लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे, बाकी काय करायचं ते करा.

हे दोन्ही नसेल तर मग खरा गंज. लोखंड गंजलं की गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, आणि पिन आणि भोक यांच्यात तर जागाच नसते, मग तो फुगून दोन्हीला आतून दाबून धरतो. गाडी जितकी उभी तितकं हे वाईट. रोज पळणाऱ्या गाडीच्या पिना झिजतात पण जाम सहसा होत नाहीत, वडिलांची आठवण म्हणून शेडमध्ये कापड टाकून ठेवलेली गाडी जाम होते. रत्नागिरी, मालवण, गोव्याकडून आलेल्या गाड्या तर वरून रंग झकास आणि खालून सगळं एकजीव झालेलं, खाऱ्या हवेपुढे काही चालत नाही. आणि आपल्याकडे पूर्वी एक पद्धत होती, वॉशिंग झालं की खालून डिझेलचा फवारा मारायचा, गाडी खालून काळी कुळकुळीत दिसायची आणि गिऱ्हाईक खूश. त्याने पत्रा थोडा वाचला असेल पण रबरी बुश फुगून कामातून गेले आणि पिनेच्या आत तर ते डिझेल पोचलंच नाही. पिनेच्या आत पोचतं ते फक्त ग्रीस निपलमधून (ग्रीस भरायच्या बारीक तोंडातून) ग्रीस गनने दाबलेलं ग्रीस. जुन्या गाड्यांना हे निपल ढिगाने असायचे आणि वॉशिंग-ग्रीसिंग असा एकच शब्द होता, आता वॉशिंग राहिलं आणि ग्रीसिंग गेलं, कारण नवीन गाड्यांना निपलच नाहीत. सर्व्हिसिंगवाल्या पोराला निपल दाखवला तर तो विचारतो हे काय आहे. जुनं ग्रीस निपलमध्येच सुकून दगड झालं असेल तर गन लावूनही आत काही जात नाही, बाजूने बाहेर येतं आणि माणसाला वाटतं झालं ग्रीसिंग. निपल काढून बघायचा, नवीन लावायचा, वीस-पंचवीस रुपयांची वस्तू आहे.

बरं, गंजलेली पिन. पहिलं औषध वेळ आहे. चांगलं गंज सोडवणारं ऑइल घ्या, दोन्ही टोकांना मारा आणि घरी जा. दुसऱ्या दिवशी हलके टोले द्या, पिन हलवायला नाही तर नुसती थरथरावी म्हणून, परत ऑइल मारा, परत दुसऱ्या कामाला लागा. आतला गंज भेगा पडून सुटा होतो आणि त्या भेगांतून ऑइल स्वतःच आत ओढलं जातं. लोक सगळ्यालाच डब्ल्यूडी-४० म्हणतात पण ती साधी निळी-पिवळी बाटली मुळात पाणी हटवायला म्हणून बनलेली आहे, अमेरिकेत १९५३ साली क्षेपणास्त्राच्या पत्र्याला गंज धरू नये म्हणून. चालते, पण खास गंजात शिरणारं ऑइल वेगळं मिळतं आणि ते बरं पडतं. आमच्याकडे पूर्वी रॉकेल आणि गिअर ऑइल मिसळून लावायचे, रॉकेल आता सहज मिळत नाही. काही जण ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल आणि अॅसिटोन निम्मं-निम्मं करतात, गुण येतो, फक्त ते पेट घेतं हे लक्षात ठेवा आणि त्याच दिवशी तिथे गॅस लावू नका.

गॅसबद्दल जरा सविस्तर लिहितो कारण सगळ्यात जास्त वाटोळं तिथे होतं. तापवायचं ते बाहेरचं, पिन नाही. साधा हिशोब आहे, २५ मिलिमीटरचं भोक २०० डिग्रीने तापलं तर ते साधारण ०.०६ मिलिमीटर मोठं होतं. ऐकायला काहीच नाही, पण जाम पिनेला तेवढंच पाहिजे असतं. पण पिनेवरच ज्योत धरली तर पिनच फुगते आणि अजून घट्ट होते. कानाभोवती ज्योत गोल फिरवत राहायची, एका जागी धरायची नाही, आणि रंगाकडे बघायचं. घासून चकचकीत केलेलं स्टील आधी पिवळसर होतं, मग निळं पडतं, ते निळं म्हणजे साधारण ३०० डिग्री. तिथे थांबायचं. पुष्कळ वेळा तर एवढंही लागत नाही, गरम करून सोडून द्यायचं आणि निवत असताना ऑइल लावायचं, आकसताना ते आत ओढलं जातं आणि पिन सुटते. पण आपल्याकडे काय करतात तर लालबुंद करतात आणि वरून बादलीभर पाणी. अहो नकल म्हणजे फोर्जिंग आहे, चाक त्याच्यावर उभं असतं, लाल करून पाणी मारलं की ते ठिसूळ होतं, बारीक चीर पडते जी डोळ्याला दिसत नाही, आणि मग एखाद्या खड्ड्यात चाक वेगळं आणि गाडी वेगळी. असं लाल करून विझवलेलं नकल परत गाडीला लावू नये, कितीही चांगलं दिसत असलं तरी. गिऱ्हाईकाला कळत नाही की त्याच्या नकलला काय काय केलंय, त्यामुळे विचारा, गॅस लावला का, कुठे लावला, किती लावला. विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

आणि गॅस लावायच्या आधी ब्रेकचा रबरी पाईप, ग्रीस, शॉकअप, टायर हे बाजूला. शॉकअपमध्ये ऑइल कोंडलेलं असतं, तापलं की फुटतो. ब्रेक क्लीनरचा स्प्रे मारून लगेच ज्योत लावणारे महाभाग पण बघितलेत, काही क्लीनरमध्ये क्लोरीनवालं सॉल्व्हंट असतं, ते तापून जो वायू होतो तो फुफ्फुसाला विषारी आहे. डब्यावर लिहिलेलं असतं, वाचत कुणी नाही.

ठोकण्याचीही एक रीत आहे. कडक केलेल्या पिनेवर कडक हातोड्याने थेट मारलं की कपची उडते, आणि ती डोळ्यात गेली की संपलं. आमच्या लायनीत एका डोळ्याने काम करणारे लोक आहेत, सगळ्यांची गोष्ट हीच. मध्ये पितळेचा दांडा धरायचा, चष्मा घालायचा, चाळीस-पन्नास रुपयांचा चष्मा मिळतो. आट्याच्या टोकावर मारायचं असेल तर नट आट्याच्या तोंडाबरोबर फिरवून ठेवायचा म्हणजे आटे फुलत नाहीत. बॉल जॉईंट किंवा टायरॉड एंडसारखं (हे स्टिअरिंगकडचे सांधे) निमुळतं बसलेलं असेल तर पिनेवर मारायचंच नाही, ज्या कानात ती बसलीय त्या कानाच्या बाजूला एक जड हातोडा टेकवून धरायचा आणि समोरून दुसऱ्याने एक जोरात टोला द्यायचा, कान क्षणभर लंबगोल होतो आणि जॉईंट टप्पकन खाली पडतो. हे मला एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेल्या एका फोरमननी शिकवलं, त्यांनी काठीवाला फोर्क, म्हणजे सांध्यात ठोकायची दोन दातांची पाचर, कधी वापरला नाही कारण त्याने रबर फाटतं.

घणापेक्षा प्रेस केव्हाही चांगला. घाव एका क्षणाचा असतो, प्रेसचा दाब कायम राहतो, आणि कायम दाब ठेवून वरून एक हलका टोला दिला की बहुतेक पिना आवाज करून सुटतात. तो आवाज, काय सांगू, पिस्तूल झाडल्यासारखा येतो आणि सगळं गॅरेज वळून बघतं. अॅक्सल काढून प्रेसवर नेणं म्हणजे अर्ध्या दिवसाचं जास्तीचं काम, आणि इथे परत तोच बिलाचा मुद्दा, हा अर्धा दिवस कुणाच्या हिशोबात धरायचा.

मारुतीचं दुखणं वेगळं. १९८३ पासून २०१४ पर्यंत ८०० बनत होती, अजूनही गावोगाव आहेत, आणि तिला पुढच्या चाकाला ओढणारा एक्सल, म्हणजे ड्राइव्ह शाफ्ट, हबमध्ये दातऱ्यांनी बसतो. वर्षानुवर्षं न काढल्यामुळे त्या दातऱ्या आत बारीक हलत राहतात, त्यातून कुंकवासारखी लाल पूड तयार होते आणि एक दिवस हब आणि एक्सल एकच होऊन बसतात. बूट, म्हणजे जॉईंटवरचं रबरी आवरण, फाटला म्हणून एक्सल काढायला जावं तर निघत नाही. आता सेंटर नट काढून टोकावर हातोडा मारला की काय होतं, तर तो घाव सरळ आतल्या जॉईंटच्या गोळ्यांवर आणि हबच्या बेअरिंगवर जातो. एक्सल निघतो पण महिनाभरात बेअरिंग घुंघुं करायला लागतं आणि गिऱ्हाईक म्हणतं आधी तर नव्हता आवाज. खरंच नव्हता. चाकाच्या बोल्टांवर बसणारा पुलर (ओढून काढायचं हत्यार) मिळतो, त्याने मध्यावर दाब द्यायचा, पुलर ताणून ठेवायचा, ऑइल, थोडी ऊब, परत ताण. नट सोडायचा तो चाक जमिनीवर असताना आणि कुणाला तरी ब्रेक दाबायला बसवून, जॅकवर लटकलेल्या गाडीला पाच फुटाचा पाईप लावून ओढायचं म्हणजे गाडी अंगावर घ्यायची तयारी. आणि एक्सल काढल्यावर किंवा सेंटर नट ढिला असताना गाडी ढकलत इकडून तिकडे नेऊ नये, हबचं बेअरिंग त्या नटाच्या दाबानेच जागेवर राहिलेलं असतं. हे खूप लोकांना माहीत नाही.

जुन्या विलीज जीपला, सीजे-थ्रीबीला, मागच्या अॅक्सलचं हब निमुळत्या टोकावर चावी (खाचेत बसणारा लोखंडी तुकडा) घालून बसवलेलं असतं. त्याला तर साधा तीन पायाचा पुलर काही करत नाही, पाय उघडतात नाहीतर तुटतात. जाड प्लेटचा, चाकाच्या बोल्टवर आवळायचा पुलर पाहिजे. आणि महत्त्वाचं म्हणजे अॅक्सलचा नट पूर्ण काढायचा नाही, चार आटे राहू द्यायचे, कारण हे हब सुटतं ते हळूहळू नाही, एकदम सुटतं, जड हब-ड्रम-पुलर मिळून उडतं आणि नट नसेल तर समोरच्याच्या पायावर. रात्री ताणून ठेवलेला पुलर मध्यरात्री आपोआप सुटला आणि सकाळी हब नटाला टेकून बसलेलं दिसलं असं होतं. तेव्हा ताण देऊन रात्रभर ठेवणं हा पण एक उपाय आहे, फुकटातला.

काहीच नाही झालं तर कापायचं, त्यात लाज कसली. पिन ही दोन-तीनशे रुपयांची गोष्ट, ती लेथवर पण करून मिळते, आमच्या उद्यमनगरात तर नमुना दाखवला की संध्याकाळपर्यंत कडक करून हातात देतात. वाचवायचं आहे ते नकल, अॅक्सल बीम, विशबोन, कारण पद्मिनीचे ते पार्ट आता कुणी बनवत नाही. कुर्ल्याचा कारखाना कधीच बंद झाला, मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी पण ३० ऑक्टोबर २०२३ ला रस्त्यावरून गेली, म्हणजे टॅक्सीवाल्यांमुळे जो सुट्या भागांचा धंदा टिकून होता तोही आटला. कुर्ल्याच्या सीएसटी रोडला किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात नशीब असेल तर मिळतो एखादा. म्हणून शॅकलच्या दोन पट्ट्यांच्या मधून हॅकसॉचं पातं घालून पिन कापा, नाहीतर मधोमध ड्रिल मारा, पोकळ झाली की ती आत दबते आणि सुटते. कडक पिनेला ड्रिल लागत नाही, मग ती गरम करून नरम करा, ती टाकूनच द्यायचीय. बुशचं बाहेरचं कवच आत अडकलं असेल तर आतून वेल्डिंगचा एक मणका, म्हणजे एक ओळ, ओढायचा, निवताना ते कवच आकसतं आणि बोटाने बाहेर येतं. नेहमीच्या गॅरेजमध्ये उलटं चाललेलं असतं, दोनशेची पिन वाचवायला जातात आणि नकल फोडतात.

मालकांना पण दोन शब्द ऐकवायचेत, राग मानू नका. गाडी आणताना म्हणता आज संध्याकाळी पाहिजे, उद्या लग्नाला जायचंय. वीस-तीस वर्षांत ज्या पिनेला कुणी हात लावला नाही ती तुमच्या लग्नासाठी एका दिवसात निघणार आहे का. अशा गाडीला निदान चार-पाच दिवस सोडा, आणि मजुरी ठरवताना सरळ दोन आकडे ठरवा, बसवायची एवढी आणि काढायची तासाप्रमाणे, वर जास्तीत जास्त किती तेही आधीच बोलून घ्या. तासाचे पैसे मिळणार म्हटल्यावर माणूस घण उचलत नाही, ऑइल मारून चहा प्यायला जातो, आणि तेच पाहिजे. काही गॅरेजवाले तासावर घेतात आणि नुसते बसून राहतात हेही मला माहितीय, म्हणून तर वरचा आकडा बांधून घ्यायचा. आधीच जुन्या गाडीला खर्च काय कमी आहे, पंधरा वर्षं झाली की पर्यावरण कर, १ एप्रिल २०२२ ला रजिस्ट्रेशन नूतनीकरणाची फी ६०० ची ५००० केली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाडीला ती १०००० केली, त्यात दोनेक हजार काढण्याच्या मजुरीचे गेले तर फार नाही, नकल फुटलं तर शोधण्यातच तेवढे पेट्रोलला जातात. आणि त्या पत्रवाल्या गृहस्थांना एक, तुमची पद्मिनी पन्नास वर्षांपेक्षा जुनी असेल तर २०२१ च्या नियमाप्रमाणे ती व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, रोजच्या वापराला मुभा नाही पण भंगारात तर जात नाही. मात्र पद्मिनी हे नावच सत्तरच्या दशकातलं आहे त्यामुळे तुमची बहुधा अजून बसत नसेल, आरसी बुकवरचं साल बघा.

आयटीआयमध्ये मेकॅनिक मोटर व्हेईकलचा दोन वर्षांचा कोर्स आहे. तिथून येणाऱ्या पोरांना स्कॅनर लावता येतो, सेन्सर कळतो, ते आम्हाला येत नव्हतं आणि ते शिकवायलाच पाहिजे. पण त्यांना सरावाला जे अॅक्सल मिळतात ते शंभर वेळा काढून-घालून गुळगुळीत झालेले असतात. एखादा भंगारवाल्याकडून किलोवर आणलेला, खाडीच्या पाण्यात सडलेला अॅक्सल टेबलावर ठेवा आणि सांगा याची पिन काढा, काही न तोडता, वेळ पाहिजे तेवढा घ्या. प्राचार्य मंडळींपैकी कुणी हे वाचत असेल तर असा अॅक्सल मी स्वतः आणून देतो, त्याचे पैसे नकोत.

परत बसवताना काय करायचं ते लिहिलं नाही तर अर्धं काम राहील. भोक एमरी पेपरने साफ करा, रीमर (भोक मापात आणायचं हत्यार) लागला तर रीमर मारा, पिनेला ग्रीस लावूनच घाला, कोरडी कधीच नाही. दातऱ्यांना आणि निमुळत्या नसलेल्या जागांना कॉपर ग्रीसचा पातळ हात द्या. निमुळत्या जागा मात्र कोरड्या आणि स्वच्छ, त्यांना ग्रीस लावलं की नट आवळताना हब जास्त वर चढतं आणि फाटतं. ब्रेक लायनरला ग्रीसचं बोट लागू देऊ नका. कॉटर नवा, स्प्लिट पिन नवी, जुनी सरळ करून परत घालणाऱ्याला गॅरेजबाहेर काढा. आणि बसवल्यावर ग्रीस गनने इतकं दाबा की दोन्ही टोकांतून नवं ग्रीस बाहेर दिसेल, मग पावसाळ्याच्या आधी एकदा आणि नंतर एकदा, गाडी चालो अगर न चालो.

आपला,
एक जुना फिटर
उद्यमनगर, कोल्हापूर

ता. क. — लिहून झाल्यावर आठवलं. जोर लावायच्या आधी आटे कुठल्या बाजूचे आहेत ते बघा. विलीजच्या जुन्या जीपच्या काही यू-शॅकलला उलटे आटे असतात, शॅकलवर तशी खूणही असते पण गंजाखाली झाकली जाते, आणि बऱ्याच जुन्या गाड्यांच्या डाव्या बाजूचे हबचे किंवा चाकाचे नटही उलटे फिरतात. नट अजिबात हलत नसेल तर पाईप लावायच्या आधी वायर ब्रशने तोंड साफ करून आट्याचा कल डोळ्याने बघून घ्या, नाहीतर आपण सोडतोय समजून आवळत बसायचो.